पंख्याचा शाफ्ट ढिला झाला तर...
मोटारबोटीच्या तळातील दुर्लक्षित दांड्याची दुरुस्ती कशी होते?

वडीगोद्री (ता. अंबड, जि. जालना) : इंजिन व्यवस्थित सुरू आहे, धूरही नेहमीसारखाच निघतो आहे, गिअर पडला आहे, परंतु बोट जागची हलत नाही. किंवा हलते, पण फळ्यांखालून ठक-ठक असा आवाज येतो आणि इंजिनाच्या तळाशी साचलेले पाणी हळूहळू वर चढू लागते. मोटारबोट चालविणाऱ्या कोणत्याही तांडेलाला हे दृश्य नकोसे वाटते. याचे कारण बहुतेक वेळा इंजिनात नसते. इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा लोखंडी किंवा पितळी दांडा, म्हणजेच शाफ्ट, कुठेतरी ढिला झालेला असतो.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वडीगोद्रीत हा विषय काहीसा परका वाटेल. धुळे-सोलापूर महामार्गावरील हे गाव ओळखले जाते ते ऊस, कापूस आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यासाठी. गोदावरी जवळच शहागडला आहे. मात्र, होडीच्या शाफ्टविषयी जे समजून घ्यायचे त्याचा निम्मा भाग या परिसरातील शेतकऱ्याला आधीच ठाऊक असतो. विहिरीवरच्या डिझेल पंपाचे कपलिंग हलू लागले की काय होते, ग्लँडची दोरी झिजली की पाणी कसे पिचकारते आणि ती दोरी फार आवळली तर दांडा कसा तापतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पंप पाणी ढकलतो आणि जागेवर राहतो. होडीचा पंखा पाणी ढकलतो आणि स्वतः होडीसकट पुढे जातो. यंत्रांची जात एकच. फरक एवढाच, की पंपाचा शाफ्ट निसटला तर पाणीपुरवठा थांबतो, होडीचा निसटला तर पाणी आत येते.

दांडा कुठून कुठे जातो?

मोटारबोटी ढोबळमानाने दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारात संपूर्ण यंत्र होडीच्या मागील फळीवर टांगलेले असते. नदी-तलावांतील लहान स्पीडबोटींवर ते दिसते. दुसऱ्या प्रकारात इंजिन होडीच्या पोटात बसविलेले असते. भाऊच्या धक्क्यावरून मोरा, रेवसकडे जाणाऱ्या लाँच, गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या बोटी, ससून डॉक, हर्णै, मिरकरवाडा, मालवण येथील मच्छीमारांचे ट्रॉलर हे सर्व या दुसऱ्या प्रकारात मोडतात. आपला विषय याच बोटींचा.

इंजिनाच्या मागे गिअरबॉक्स असतो. त्याच्या तोंडाशी एक जाड गोल चकती असते, तिला फ्लँज म्हणतात. तशीच दुसरी चकती शाफ्टच्या टोकाला असते. या दोन चकत्या बोल्टने एकमेकींना जखडल्या की तयार होते ते कपलिंग. तेथून शाफ्ट ग्लँडमधून पुढे होडीच्या तळात बसविलेल्या नळीत, म्हणजे स्टर्न ट्यूबमध्ये शिरतो, पाण्याने ओल्या राहणाऱ्या बेअरिंगवर टेकतो आणि बाहेर पंख्याला जाऊन मिळतो. शाफ्ट ढिला झाला, असे तांडेल सांगतो तेव्हा तो या साखळीतील कोणत्याही एका दुव्याविषयी बोलत असू शकतो. म्हणूनच पाना हाती घेण्यापूर्वी नेमके काय ढिले आहे ते शोधणे हीच दुरुस्तीतील पहिली आणि सर्वांत कमी केली जाणारी गोष्ट आहे.

येथे एक बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. बोट पुढे जाते तेव्हा पंखा शाफ्टला इंजिनाकडे रेटतो. म्हणजे सैल झालेला शाफ्टही आपोआप कपलिंगमध्ये दाबून बसतो आणि दोष झाकला जातो. रिव्हर्स टाकला की तोच पंखा शाफ्टला बाहेर ओढू लागतो. त्यामुळे आठवडाभर गुण्यागोविंदाने चाललेली बोट धक्क्याला लागताना, वेग मोडण्यासाठी रिव्हर्स टाकताच दगा देते. नेमक्या त्याच क्षणी समोर दगडी धक्का असतो आणि पायऱ्यांवर माणसे असतात. निसटलेला शाफ्ट मागे सरकून सुकाणूवर आदळतो आणि बहुधा तेथेच अडतो. सुकाणू शाफ्टच्या सरळ रेषेत नसेल तर तो पुरता बाहेर पडतो व तळाला शाफ्टच्या जाडीचे भोक उरते.

खडूची एक रेघ

दोष शोधण्याची साधी पद्धत जुन्या मेकॅनिकांकडून चालत आली आहे. इंजिन बंद करून, चावी काढून खिशात ठेवून, शाफ्ट व त्याची चकती यांवर मिळून खडूने एक सरळ रेघ ओढायची. दुसरी रेघ दोन्ही चकत्यांवर मिळून. बोट दोरखंडांनी धक्क्याला घट्ट बांधून इंजिन मंद गतीवर सुरू करायचे आणि क्षणभर गिअर टाकून पुन्हा बंद करायचे. पाहणाऱ्याने अंतर राखावे. लुंगी, गमछा, सैल बाही यांना फिरत्या शाफ्टजवळ जागा नाही.

गिअरबॉक्सची चकतीच फिरली नाही, तर दोष गिअरबॉक्समध्ये आहे व शाफ्टला हात लावण्याचे कारण नाही. चकत्या फिरल्या पण शाफ्ट मागे राहिला, रेघ तुटली, तर कपलिंगमधील चावी गेली. चावी म्हणजे शाफ्ट व चकती यांच्या खाचांत मिळून बसविलेला चौकोनी लोखंडी तुकडा. सगळा पीळ त्याच्यावर येतो. दोन चकत्यांमधील रेघ सरकली तर बोल्ट सैल आहेत. सगळेच एकत्र फिरते, पण बोट ढिम्म, तर पंखा दांड्यावर घसरतो आहे किंवा तो समुद्राच्या तळाशी गेला आहे.

यानंतर इंजिन बंद असताना शाफ्ट हाताने वर-खाली व डावीकडे-उजवीकडे हलवून पाहायचा. बोट किनाऱ्यावर चढविलेली असेल तर पंख्याजवळ हीच चाचणी घेता येते. साधारण एक इंच, म्हणजे पंचवीस मिलिमीटर जाडीच्या शाफ्टला दीड मिलिमीटरहून अधिक खेळ जाणवत असेल, तर बेअरिंग बदलण्याची वेळ झाली असे मानण्याचा प्रघात आहे.

कपलिंग : आवळणे पुरेसे नाही

बोल्ट सैल दिसले की ते आवळायचे आणि निघायचे, ही आपल्याकडील सर्वसाधारण रीत. ती धोक्याची आहे. बोल्ट आपणहून सैल होत नाही. त्याला कोणीतरी हलविलेले असते. इंजिनाचे रबरी पाय दबलेले असतील, इंजिन व शाफ्ट एका रेषेत नसतील, पंख्याचे पाते वाकलेले असेल किंवा पंख्यात जाळे अडकून शाफ्टला झटका बसलेला असेल, तर आज आवळलेला बोल्ट पुढच्या फेरीत पुन्हा सुटणार. शिवाय एकदा हिसके खाल्लेल्या बोल्टाचे आटे ताणलेले असतात. म्हणून संपूर्ण संच बदलावा, योग्य दर्जाचे पोलादी बोल्ट वापरावेत, हार्डवेअरच्या दुकानातील मऊ लोखंडाचे नव्हेत. ते समोरासमोर, एकाआड एक असे थोडेथोडे आवळत जावेत आणि शेवटचा ताण इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतका द्यावा. नायलॉनचे कडे असलेले नट एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत.

शाफ्ट चकतीतूनच निसटला असेल तर काम लेथवर जाते. चावीची खाच रुंदावली आहे का, शाफ्टवर ओरखडे आहेत का, हे पाहावे लागते. रुंदावलेल्या खाचेत पत्र्याची पट्टी ठोकून जुनीच चावी बसविण्याचा उद्योग अनेक ठिकाणी होतो. तो एखाद्या फेरीपुरता टिकतो. नवी चावी खाचेच्या दोन्ही बाजूंना घट्ट बसली पाहिजे, मात्र तिच्या डोक्यावर किंचित मोकळीक हवी, अन्यथा चकती शाफ्टवर तिरपी बसते. चकतीच्या बाजूने शाफ्टवर टेकणारे जे स्क्रू असतात, त्यांच्यासाठी शाफ्टवर छोटा खड्डा पाडलेला असावा. गुळगुळीत शाफ्टवर नुसता टेकलेला स्क्रू रिव्हर्सच्या ओढीपुढे टिकत नाही. आवळल्यावर या स्क्रूंच्या डोक्यांतील भोकांतून तार ओवून ती अशी पिळावी, की एक स्क्रू सुटू पाहताच दुसरा आवळला जावा. दहा मिनिटांचे हे काम.

याहून स्वस्त विमा आणखी एक आहे. ग्लँडच्या आतल्या बाजूस, होडीच्या पोटात असलेल्या शाफ्टवर एक घट्ट कडे बसवून ठेवायचे. कपलिंग सुटले तरी शाफ्ट मागे सरकताना हे कडे ग्लँडवर अडते आणि शाफ्ट होडी सोडून जात नाही. हे कडे बसविलेल्या बोटी आपल्याकडे मोजक्याच दिसाव्यात, याचे नवल वाटते.

कागदाच्या जाडीचा हिशेब

सारे घट्ट झाले तरी इंजिन व शाफ्ट एका रेषेत नसतील तर सर्व मेहनत वाया जाते. या जुळणीला कारागीर ‘अलाइनमेंट’ म्हणतात. कपलिंगचे बोल्ट काढून दोन्ही चकत्या जवळ आणायच्या आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार ठिकाणी त्यांच्यातील फट फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजायची. चकतीचा व्यास शंभर मिलिमीटर असेल तर सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान फटीतील फरक ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. हा फरक साध्या छपाईच्या कागदाच्या जाडीइतका आहे. ट्रॉलरच्या इंजिनाचे धूड आणि ग्रीसने माखलेले हात पाहता ही नजाकत खरी वाटत नाही, पण हिशेब तोच आहे. फरक अधिक आढळला तर इंजिनाच्या पायांचे नट फिरवून किंवा त्यांखाली पत्र्याच्या चकत्या घालून इंजिन सरकवावे लागते. शाफ्ट ओढून इंजिनाशी जुळवायचा नसतो.

यात दोन ठिकाणी फसगत होते. कपलिंग सुटल्यावर शाफ्टचे मोकळे टोक स्वतःच्या आणि चकतीच्या वजनाने खाली लोंबते. त्याला तसेच ठेवून इंजिन जुळविले तर इंजिनच नको तितके खाली घेतले जाते. म्हणून टोकाला आधार द्यावा लागतो. चकतीचे पूर्ण वजन आणि अधांतरी भागाचे निम्मे वजन उचलले गेले पाहिजे, असा ठोकताळा आहे. ताणकाट्याने तो नेमका साधता येतो. दुसरी गोष्ट अशी, की ही जुळणी बोट पाण्यात असताना करावी. किनाऱ्यावर ठोकळ्यांवर उभी असलेली लाकडी होडी आणि पाण्यात तरंगणारी तीच होडी यांचा आकार तंतोतंत सारखा नसतो. पाण्यात उतरविल्यावर एक-दोन दिवस लाकडाला फुगू द्यावे, टाक्या भराव्यात आणि मग फीलर गेज काढावा. जमिनीवर काम उरकून नारळ फोडून मोकळे होणाऱ्यांना हा सल्ला जाचक वाटतो, हे खरे.

ग्लँडची दोरी

शाफ्ट ढिला होता त्या काळात ग्लँडची दोरीही झिजलेली असते, त्यामुळे ती त्याच वेळी बदलावी. येथे वडीगोद्रीचा पंपवाला आणि ससून डॉकचा मेकॅनिक यांचे ज्ञान अगदी सारखे ठरते. जुनी दोरी आकड्याने पूर्ण खरवडून काढायची. जुन्यावर नवी चढवायची नाही. नवी दोरी शाफ्टभोवती गुंडाळून तिचे सुटे वेढे कापायचे, टोके तिरपी छाटायची आणि प्रत्येक वेढ्याचा सांधा मागच्या वेढ्याच्या सांध्यापासून दूर ठेवायचा. एकच लांब दोरी मळसूत्रासारखी भरली तर पाण्याला आत यायला जिनाच मिळतो.

मग आवळायचे किती? शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडले पाहिजेत, उभा असताना गळती जवळपास थांबली पाहिजे. थेंब अजिबात पडत नसतील तर मालक खूश होतो, पण ते थेंबच दोरीला थंड ठेवत असतात. कोरडी दोरी जळते आणि शाफ्टवर खोल चरे पाडते. नंतर कोणतीही दोरी भरली तरी पाणी थांबत नाही. अर्धा तास चालवून इंजिन बंद करावे आणि मग ग्लँडला हात लावून पाहावा. कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर अर्धा आटा सैल करावा. ग्लँड ज्या रबरी नळीने स्टर्न ट्यूबला जोडलेला असतो, तिच्या प्रत्येक टोकाला दोन-दोन पट्टे हवेत. ही नळी फाटली तर शाफ्ट शाबूत असूनही होडी बुडू शकते.

पंपातून आलेले बेअरिंग

मुंबई गोदीत १८२९ मध्ये बांधलेल्या ‘ह्यू लिंडसे’ या आगबोटीला शाफ्टमुळे पाणी आत येण्याची चिंता नव्हती. तिला दोन्ही बाजूंना पाणचक्क्या होत्या आणि त्यांचा आस पाण्याच्या वर होता. पाण्याखालच्या पंख्याचे युग १८३६ मधील स्मिथ व एरिक्सन यांच्या पेटंटांपासून सुरू झाले. त्याबरोबर डोकेदुखीही आली. पितळी बेअरिंगे पाहता पाहता झिजत. १८५४ मध्ये जॉन पेन या इंग्रज अभियंत्याने लिग्नम व्हिटी या अतिशय कठीण, तेलकट लाकडाच्या पट्ट्या वापरून त्यावर उपाय काढला आणि पुढे अनेक दशके जगभरची जहाजे लाकडावर फिरत राहिली.

आज लहान बोटींत सर्रास दिसते ते खाचा असलेल्या रबराचे बेअरिंग. त्याची जन्मकथा मजेशीर आहे. कॅलिफोर्नियातील एका खाणीत उपसा पंपाचे बेअरिंग वाळूमिश्रित पाण्याने वारंवार खराब होत असे. तेथील चार्ल्स शेरवूड या अभियंत्याने वेळ मारून नेण्यासाठी बागेच्या रबरी नळीचा तुकडा बसविला आणि तो मूळ बेअरिंगपेक्षा जास्त टिकला, असे सांगितले जाते. म्हणजे होडीच्या या भागाचे मूळ पंपातच सापडते. रबर लवचीक असल्याने वाळूचा कण त्यात दबतो व पुढे खाचेतून पाण्याबरोबर निघून जातो. या बेअरिंगला ग्रीस नको, वाहते पाणी हवे. म्हणूनच बोट जमिनीवर असताना इंजिन लावून पंखा फिरवून दाखविणे हा घातक खेळ आहे. कोरडे रबर काही क्षणांत करपते.

पंखा स्वतः शाफ्टच्या निमुळत्या टोकावर बसतो. तो ढिला असेल तर नुसता नट आवळू नये. पंखा उतरवून निमुळता भाग पूर्ण टेकतो की नाही, हे शाई लावून तपासावे. टेकत नसेल तर घासण्याची पेस्ट लावून बसवावा. बाहेर दोन नट असतील तर पातळ नट आधी आणि जाड नट नंतर, हा योग्य क्रम. पुष्कळ ठिकाणी तो उलटा आढळतो. शेवटी नवी स्प्लिट पिन.

भर समुद्रात निसटला तर

प्रथम इंजिन बंद. मग ग्लँडकडे धाव. शाफ्ट मागे सरकला असला तरी अजून ग्लँडमध्ये असेल तर पाणी फारसे येत नाही. पाइप पाना शाफ्टवर आवळून तो जवळच्या मजबूत लाकडाला बांधून टाकावा. त्यामुळे शाफ्ट मागेही जात नाही आणि फिरतही नाही. दुसऱ्या बोटीने ओढून नेताना वाहत्या पाण्याने पंखा फिरत राहतो आणि बंद इंजिनाच्या गिअरबॉक्सला तेल न मिळाल्याने तोही खराब होऊ शकतो, म्हणून हे बांधणे दुहेरी कामाचे. शाफ्ट बाहेर पडलाच असेल तर निमुळती लाकडी खुंटी कापडात गुंडाळून भोकात ठोकावी. अशी खुंटी शाफ्टच्या मापाने आधीच करून ग्लँडशेजारी दोरीने टांगलेली असली पाहिजे. पाणी वाढताना लाकूड शोधता येत नाही. नांगर टाकावा, सर्वांनी जाकिटे घालावीत आणि व्हीएचएफच्या सोळाव्या वाहिनीवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर मदत मागावी. पंख्यात काय अडकले ते पाहण्यासाठी पाण्यात उतरण्याचा मोह होतो. इंजिनाची चावी उतरणाऱ्याच्याच ताब्यात नसेल तर कोणीही उतरू नये.

पंख्याचा जोर किती मोलाचा असतो हे वाऱ्यात कळते. उजनी जलाशयात २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. तो अपघात वाऱ्याचा होता. परंतु वारा सुटल्यावर बोटीचे तोंड लाटेकडे धरून ठेवायचे तर पंखा फिरता हवा. ज्या बोटीचा शाफ्ट सुटला ती आडवी होते आणि लाट कुशीवर घेते. शिवसागर जलाशयात बामणोली-तापोळ्याहून पर्यटकांना नेणाऱ्या लाँचनाही हेच लागू आहे.

मुहूर्त पावसाळ्याचा

कोकणातील मच्छीमारांना या कामासाठी निसर्गाने आणि नियमाने वेळ दिलेला आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास दर्या खुला होतो. बेअरिंग, पंखा आणि शाफ्ट यांची कामे या दोन महिन्यांत, तर चकत्यांची जुळणी बोट उतरविल्यानंतर, असा क्रम लावता येतो. अडचण अशी, की ऑगस्ट उजाडताच पहिल्या फेरीची घाई होते आणि राहून जाते ती नेमकी जुळणी.

दुरुस्तीनंतरची चाचणी वर्दळीपासून दूर घ्यावी. मुंबई बंदरात १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी घेत असलेल्या नौदलाच्या बोटीचा ताबा सुटून ती घारापुरीला जाणाऱ्या ‘नीलकमल’वर आदळली आणि बारापेक्षा अधिक जणांचा बळी गेला. चाचणीत पुढे-मागे दोन्ही गिअर, आधी मंद आणि मग भर वेगात टाकून पाहावेत. रिव्हर्स विसरू नये. पहिल्या काही तासांच्या प्रवासानंतर कपलिंगचे बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत, कारण नवे भाग जागेवर बसताना ताण थोडा उतरतो.

पैठणच्या नाथसागरासारख्या गोड्या पाण्यात असे यंत्र चालवायचे झाल्यास एक बदल करावा लागतो. समुद्रात शाफ्ट गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचे कडे बसवितात. ते स्वतः झिजते आणि शाफ्टला वाचविते. गोड्या पाण्यात जस्तावर थर बसून ते निष्क्रिय होते, तेथे मॅग्नेशियमचे कडे चालते. गोदावरीच्या गाळमिश्रित पाण्यात रबरी बेअरिंगही लवकर झिजते, तेव्हा हाताने शाफ्ट हलवून पाहण्याची चाचणी तेथे वर्षातून एकदा नव्हे, दर तीन-चार महिन्यांनी घ्यावी.